'बर्क अँड विल्स' : नऊ तासांची चुकामूक, की आणखी काही?

नौपाडकर (ठाणे पश्चिम)

सर्वांना नमस्कार.

आमच्या संकुलातील दहा-बारा मंडळी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सभागृहात पडदा लावून एखादा जुना चित्रपट पाहतात. या खेपेस निवड माझ्याकडे होती आणि मी १९८५ सालचा 'बर्क अँड विल्स' हा ऑस्ट्रेलियन चित्रपट लावला. दिग्दर्शक ग्रेम क्लिफर्ड. बर्कच्या भूमिकेत जॅक थॉम्पसन आणि विल्सच्या भूमिकेत नायजेल हॅव्हर्स. बाहेर मे महिन्याचा उकाडा, आत वातानुकूलन यंत्र बंद पडलेले आणि पडद्यावर दोन तासांहून अधिक काळ तापलेली माती. त्यामुळे प्रेक्षक नेहमीपेक्षा जरा जास्तच तन्मय झाले होते, असे म्हणावे लागेल.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथाभाग थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडण्यासाठी २० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नहून १९ माणसे, पंचवीसहून अधिक उंट, २३ घोडे आणि सुमारे २० टन सामान घेऊन एक मोहीम निघाली. नेता रॉबर्ट ओ'हारा बर्क हा मूळचा आयरिश पोलीस अधिकारी होता आणि रानावनात राहण्याचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. कूपर क्रीक या ओढ्याकाठी तळ ठोकून तो १६ डिसेंबरला विल्स, किंग आणि ग्रे या तिघांसह उत्तरेकडे निघाला. फेब्रुवारी १८६१ मध्ये चौघे समुद्राच्या भरतीचे खारे पाणी लागेपर्यंत पोहोचले, परंतु खारफुटीच्या दलदलीमुळे प्रत्यक्ष समुद्र काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही. परतताना ग्रे वाटेत मरण पावला. उरलेले तिघे २१ एप्रिलच्या संध्याकाळी तळावर आले, तर तळ रिकामा! चार महिने वाट पाहून तेथील माणसे त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती आणि जाताना एका झाडावर 'खणा' अशी अक्षरे कोरून त्याखाली थोडा शिधा पुरून गेली होती.

चित्रपट संपल्यावर आमच्यातील एक निवृत्त रेल्वे कर्मचारी म्हणाले, "गाडी चुकली, दुसरे काय!" सगळे हसले आणि पडदा गुंडाळला गेला, परंतु माझे समाधान झालेले नाही. सकाळी गेलेली माणसे अशी कितीशी दूर गेली असतील? मग या तिघांनी त्यांचा पाठलाग का केला नाही? शिवाय त्यानंतरही बर्क आणि विल्स दोन महिन्यांहून अधिक काळ जिवंत होते, म्हणजे केवळ त्या नऊ तासांनी त्यांचा बळी घेतला असे म्हणता येत नाही. वाळवंटात पाण्यावाचून ते तडफडून मेले, असा आमच्यापैकी बहुतेकांचा समज झाला आहे. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

माहुलीचा वाटसरू (कोपरी, ठाणे पूर्व)

नौपाडकर, शेवटच्या समजापासून सुरुवात करतो, कारण तो पूर्णपणे चुकीचा आहे. ते तहानेने मेले नाहीत. कूपर क्रीकला पाणी होते, पाण्यात मासे होते आणि काठावर माणसांची वस्तीही होती. परतीच्या वाटेवर तर त्यांना पावसाने आणि चिखलाने छळले. तळ सोडल्यानंतर त्यांचा एक उंट ओढ्याकाठच्या चिखलात रुतून बसला आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली.

आता पाठलागाविषयी. ब्राहे हा तळप्रमुख त्या रात्री अवघ्या १४ मैलांवर, म्हणजे आपल्या ठाणे स्थानकापासून दादरपर्यंत जेवढे अंतर आहे साधारण तेवढ्यावर मुक्कामाला होता. बर्कने दोघांना विचारले की रात्रीतून पुढे चालवेल का. दोघांनीही नाही म्हटले. त्यांचे पाय जड झाले होते आणि उरलेले दोन्ही उंट थकून गेले होते. तरीही दुसऱ्या दिवशी प्रयत्न करता आला असता. तो का केला नाही, याचे उत्तर झाडाखाली पुरलेल्या बाटलीतील चिठ्ठीत सापडते. ब्राहेने तीत लिहिले होते की तो स्वतः आणि दोन सोबती ठीक आहेत, चौथा माणूस पॅटन घोड्यावरून पडल्याने अठरा दिवस चालू शकलेला नाही, आणि आमचे सहा उंट व बारा घोडे कामाला चांगले आहेत. बर्कने हे शेवटचे वाक्य शब्दशः घेतले. ताज्या दमाच्या बारा घोड्यांना आपण कसे गाठणार, असा विचार त्याने केला असणार. वास्तविक जायबंदी माणूस सोबत असल्याने ब्राहेची तुकडी रडतखडत चालली होती. परंतु 'आम्ही सावकाश जात आहोत' हे तीन-चार शब्द चिठ्ठीत नव्हते.

मात्र माझ्या मते खरी घोडचूक त्यानंतर झाली आणि तिच्यासाठी ब्राहेला दोष देता येत नाही. बर्कने ठरवले की येताना मागे टाकलेल्या, चारशे मैलांवरच्या मेनिंडी या वस्तीला परत जाण्याऐवजी दीडशे मैलांवरच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोलीस ठाण्याकडे जावे. त्या ठिकाणाचे नाव माउंट होपलेस! (पटकथाकाराने हे नाव स्वतःहून ठेवले असते, तर आपण त्याला नावे ठेवली असती.) २३ एप्रिलला निघण्यापूर्वी त्यांनी आपण आलो होतो आणि कोणत्या दिशेने जात आहोत हे लिहून ती चिठ्ठी त्याच खड्ड्यात पुरली. स्थानिक लोकांना संशय येऊ नये म्हणून माती सारखी केली, वर दाताळे फिरवले, घोड्याची लीदही पसरून ठेवली. झाडावरची अक्षरे मात्र होती तशीच राहू दिली. त्यात ना नवी तारीख, ना बाण, ना नावाचे एखादे अक्षर.

पुढे ब्राहेची गाठ मोहिमेचे मागे राहिलेले सामान घेऊन मेनिंडीकडून उशिरा आलेल्या राइटच्या तुकडीशी पडली. ब्राहेच्या मनाला रुखरुख लागून राहिली होती, म्हणून ते दोघे घोड्यांवरून परत फिरले आणि ८ मे रोजी त्या झाडापाशी आले. राखेच्या खुणा दिसल्या, पण त्या स्थानिकांच्या चुलींच्या असाव्यात असे त्यांना वाटले. जमीन जशी सोडली होती तशीच दिसत होती. पाव तासात ते निघून गेले. खड्डा काही उकरला नाही. त्या वेळी बर्क, विल्स आणि किंग ओढ्याच्या खालच्या अंगाला सुमारे ३५ मैलांवर होते. आणखी एक गोष्ट अशी की मेअखेर विल्स एकटा चालत त्या झाडापाशी परत आला, आपल्या रोजनिशा त्याने तेथे पुरल्या, आणि मधल्या काळात कोणी येऊन गेल्याचे त्यालाही कळले नाही, कारण ब्राहेनेही कोणतीच खूण ठेवली नव्हती. तेव्हा एकाच झाडाखाली तीन वेळा चुकामूक झाली. त्यांतील पहिलीच तेवढी वेळेची होती.

आम्ही शनिवार-रविवार डोंगरात हिंडणारे लोक या प्रसंगाकडे जरा निराळ्या नजरेने पाहतो. काही वर्षांपूर्वी माहुलीहून उतरताना आमचे दोन गट पडले. पहिल्या गटाने पायथ्याच्या चहाच्या टपरीवर निरोप ठेवला, टपरी पाचला बंद झाली, आणि दुसरा गट अंधारात दोन तास पहिल्या गटाची वाट पाहत बसला. पहिला गट मात्र तोवर आसनगावहून लोकल पकडून घरी पोहोचलाही होता. तेव्हापासून आमचा नियम असा की निरोप पुरायचा नाही, कोणाच्या भरवशावर ठेवायचा नाही, आणि जुनी खूण कधीही जशीच्या तशी सोडायची नाही.

कळव्याचा खलाशी

वाटसरूंनी राइटला फारच सहज सोडून दिले, असे माझे मत आहे. बर्कने ऑक्टोबरमध्ये मेनिंडीहून पुढे जाताना मागे राहिलेले सामान आणि माणसे कूपर क्रीकला आणण्याची जबाबदारी राइटवर टाकली होती. हा गृहस्थ जानेवारी संपत येईपर्यंत मेनिंडीतच बसून राहिला. नेमणुकीची मान्यता आणि पैसे मेलबर्नहून येण्याची वाट पाहत होता म्हणे! नंतर निघाला तो ऐन उन्हाळ्यात, आणि त्याच्या तुकडीतील चित्रकार लुडविग बेकर याच्यासह काही माणसे स्कर्व्हीने वाटेतच दगावली. तो वेळेवर पोहोचला असता तर ब्राहेला तळ सोडावाच लागला नसता. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगानेही त्याच्यावर कडक ताशेरे ओढले. चित्रपटाला झाडाखालचा प्रसंग आवडणार हे उघड आहे, कारण तो कॅमेऱ्यात मावतो. तीन महिने एका जागी बसून राहिलेला माणूस पडद्यावर दाखवायचा तरी कसा?

ऐरोलीकर (व्यवसायाने वैद्यक)

मी चित्रपटाविषयी नव्हे, तर मृत्यूच्या कारणाविषयी लिहिते, कारण नौपाडकरांच्या प्रश्नाचा तो भाग अद्याप अनुत्तरित आहे.

शिधा संपल्यावर हे तिघे नार्डू नावाच्या वनस्पतीवर जगत होते. ही नेच्यांच्या वर्गातील, ओलसर जागी वाढणारी, चार पानांची वनस्पती आहे. याच कुळातील तिच्या बहिणी आपल्याकडच्या भातखाचरांतही दिसतात. तिच्या बुडाशी बीजाणूंच्या कठीण, वाटाण्यापेक्षा लहान गाठी येतात आणि त्या कुटून पीठ करता येते. त्या ओढ्याकाठी राहणारे यांड्रुवांधा लोक हे पीठ पिढ्यान्‌पिढ्या खात आले होते आणि सुरुवातीला त्यांनीच या पाहुण्यांना मासे आणि नार्डूच्या भाकऱ्या खाऊ घातल्या. नंतर तिघांनी स्वतःच गाठी गोळा करून दळण्यास सुरुवात केली. विशेष म्हणजे त्यांचे पोट भरत होते. विल्सने रोजनिशीत नोंदवले आहे की नार्डूवर होणारी उपासमार, अशक्तपणा सोडला तर, तशी फारशी त्रासदायक नाही. पोट भरलेले आणि शरीर खंगत चाललेले, ही नोंद वाचून कोणताही डॉक्टर सावध होईल. अखेरच्या नोंदीत तो लिहितो की आपली नाडी ४८ वर आली आहे, ती फार क्षीण आहे आणि हातापायांची नुसती हाडे उरली आहेत. त्याही स्थितीत, काहीतरी घडेल म्हणून वाट पाहत बसणाऱ्या डिकन्सच्या मिकॉबरशी तो स्वतःची तुलना करतो. तेव्हा त्याचे वय २७ होते.

नार्डूमध्ये थायमिनेज नावाचे विकर मोठ्या प्रमाणात असते आणि ते शरीरातील ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. या जीवनसत्त्वाच्या अभावी बेरीबेरी होतो. आधी पाय जातात, मग हृदय थकते. बर्क आणि विल्स यांचा घात बेरीबेरीने केला असावा, अशी मांडणी १९९४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दोन संशोधकांनी केली आणि विल्सच्या नोंदी तिच्याशी चांगल्या जुळतात. त्याला १८६१ मध्ये हे कळणे शक्यच नव्हते. सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांवरून ऐकमन या डच डॉक्टरने जावामध्ये या रोगाचा माग काढला तो त्यानंतर तीन दशकांनी. ('सडलेला' म्हणजे कुजलेला नव्हे, कोंडा काढून पांढरा केलेला, जुन्या मंडळींना हे सांगावे लागणार नाही.)

मग यांड्रुवांधांना हा रोग का होत नव्हता? ते गाठी भाजून, टरफले काढून, भरपूर पाण्यासह वाटत. शिवाय त्यांच्या आहारात मासे, शिंपले आणि इतर प्राणीही असत. पाहुण्यांनी पदार्थ उचलला, रीत उचलली नाही. ठाणे जिल्ह्यातील लोकांना याचे फार नवल वाटू नये. माझी आजी शहापूरकडची. आमच्याकडे कडूकंद येत असे तो कातकरी बाईकडून, आणि त्या बाईने आजीला बजावून ठेवले होते की राख घालून उकडायचा, पातळ काप करायचे, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे आणि मगच खायचा. लहानपणी मी एकदा धीर न धरता त्यातला एक काप तोंडात टाकला होता. जिभेवर दिवसभर सुया टोचत होत्या. कंद कोणालाही उकरता येतो. त्याचे अन्न कसे करायचे ते मात्र त्या बाईलाच ठाऊक होते आणि आजीने ते तिला विचारून घेतले होते.

नौपाडकर

ऐरोलीकर आणि वाटसरू, दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता एक उपप्रश्न विचारतो. यांड्रुवांधा लोक जर स्वतःहून मासे देत होते, तर हे तिघे त्यांच्याच आश्रयाला का राहिले नाहीत? चित्रपट पाहताना माझा समज असा झाला की ते लोक येतात, पाहतात आणि निघून जातात. त्यांचे म्हणणे काय होते, हे मला पडद्यावरून फारसे कळलेच नाही.

माहुलीचा वाटसरू

कारण बर्कने त्यांना हाकलले. ते आपल्या डोक्यावर बसतील अशी भीती त्याला वाटत होती. एकदा ते जाळ्यांतून मासे घेऊन आले, तेव्हा त्याने ते मासे त्यांच्या हातून उडवून लावले आणि किंगला त्यांच्या डोक्यांवरून बंदूक झाडायला सांगितले. ही हकीकत खुद्द किंगने नंतर सांगितलेली आहे. त्यानंतर त्या मंडळींनी आपला मुक्काम हलवला, आणि जूनअखेर विल्स व बर्क मरू लागले तेव्हा किंग त्याच लोकांना शोधत फिरत होता. दोघांच्या मृत्यूनंतर एकट्या पडलेल्या किंगला त्यांनी आपल्यात घेतले. तो त्यांच्यासाठी पक्षी मारून आणत असे, एका बाईच्या दंडावरील जखम त्याने धुऊन बांधली होती, आणि त्या बाईने त्याला जेवू घातले. १५ सप्टेंबर १८६१ रोजी हॉविटच्या शोधपथकाला तो सापडला, तो त्यांच्याच वस्तीत. त्याच ओढ्याकाठी, तेच नार्डू खाऊन जिवंत राहिलेला हा एकमेव माणूस!

वाशीची वाचक

चर्चा इथवर आली आहे तर एक गोष्ट नोंदवते, कारण भारतीय प्रेक्षकांच्या दृष्टीने ती मला महत्त्वाची वाटते. या मोहिमेचे बहुतेक उंट आपल्या उपखंडातून गेलेले होते. जॉर्ज लँडेल्स याने वायव्य भारतात २४ उंट खरेदी केले, कराचीहून ते जहाजावर चढवले आणि जून १८६० मध्ये मेलबर्नला उतरवले. त्यांच्याबरोबर उंटांची देखभाल करणारी माणसे गेली. किंगसुद्धा भारतात फौजेत नोकरी करून लँडेल्सबरोबरच तेथे पोहोचला होता. उंटांची नावे वाचली तरी ओळख पटते : राजा, गोला, लांडा. यांतील लांडा हाच तो चिखलात रुतलेला उंट. शेपटीवरूनच त्याचे नाव पडले होते की काय कोण जाणे, पण मराठी वाचकाला ते ऐकून क्षणभर हसू येते आणि मग लगेच वाईट वाटते.

याच लँडेल्सने उंटांसाठी म्हणून ६० गॅलन रम सोबत घेतली होती. त्यावरून बर्कशी भांडण होऊन तो मेनिंडीला राजीनामा देऊन परतला, आणि विल्स उपनेता झाला. उंटांची सर्वांत चांगली पारख असलेला माणूस अशा रीतीने मोहिमेतून वजा झाला. सामला नावाचा एक हिंदू उंटवाला तर त्याआधीच, पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडला होता, कारण शिध्यातील मांस त्याच्या धर्मात चालण्यासारखे नव्हते. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. परक्या मुलुखात, ऑगस्टच्या थंडीत, सभोवती गोमांसाची पिंपे, आणि तो शांतपणे हिशेब मागून निघून जातो. पुढच्या घटना पाहता त्याचा निर्णय सगळ्या मोहिमेत सर्वांत शहाणपणाचा ठरला, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

दुसरा माणूस दोस्त महंमद. वाटसरूंनी सांगितलेल्या चिठ्ठीत ब्राहेने जे 'दोन सोबती' म्हटले आहेत, त्यांतील एक हा. चार महिने तो त्या झाडाखाली होता आणि त्या सकाळी निघालेल्या चौघांमध्येही होता. नंतर मेनिंडीला एका नर उंटाने चावा घेऊन त्याचा हात कायमचा अधू केला. तो तेथेच राहिला आणि त्याची कबर आजही मेनिंडीजवळ आहे. चित्रपटात नायकाच्या प्रेयसीला, ज्युलिया मॅथ्यूज या गायिकेला, भरपूर वेळ मिळतो, तिच्या भूमिकेतील ग्रेटा स्काकी दिसतेही सुंदर. त्यातली दहा मिनिटे दोस्त महंमदला मिळाली असती तर माझी काही तक्रार नव्हती.

नौपाडकर

दोस्त महंमद हे नाव मी आज प्रथमच वाचले. पुढच्या बैठकीत चित्रपट पुन्हा लावणार नाही, मात्र झाडाखालचा तेवढा प्रसंग पुन्हा दाखवून ८ मे आणि मेअखेरच्या हकीकती सांगाव्यात असे ठरवले आहे. 'गाडी चुकली' म्हणणाऱ्या काकांना ही चर्चा वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसत एवढेच विचारले, "झाड आहे का अजून?"

माहुलीचा वाटसरू

आहे. क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ओढ्याकाठी, कूलिबा जातीचे. तळाचा क्रमांक म्हणून कोरलेला रोमन ६५ अजून वाचता येतो. 'खणा' ही अक्षरे मात्र सालीने केव्हाच झाकून टाकली आहेत. काकांना नकाशा हवा असल्यास शनिवारी मी छापून घेऊन येतो, मात्र वातानुकूलन यंत्र तेवढे दुरुस्त करून ठेवावे.